मरणाआधीचं सुतक

"सुटला बिचारा. आणि तूही सुटलीस."

स्मृतिभ्रंशानं वर्षानुवर्षं झिजलेला नवरा गेला की भेटायला आलेल्या बायका त्याच्या बायकोला हे सांगतात. बायको गेली असेल तर नवऱ्याला म्हणतात, "सोनं झालं तिचं. तुमच्या हातून सेवा घडली." न्हावा, जासई, करंजा, उरणचा कोळीवाडा, कुठेही जा, शब्द थोडेफार हेच. बोलणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसतं. त्यांनी त्या घराचे हाल पाहिलेले असतात, रात्री-अपरात्रीचा आरडाओरडा ऐकलेला असतो. ऐकणारं माणूस मान डोलावतं. आणि पुढे कित्येक महिने स्वतःशीच झगडत राहतं, की सुटका झाली असेल तर मग आतून हे जे चाललंय ते काय आहे?

या प्रश्नावर गेल्या चाळीसेक वर्षांत जगभर काम झालं आहे, थोडं आपल्या शेजारी गोव्यातही झालं आहे. ते सगळं वाचून माझं एक मत पक्कं झालं आहे. स्मृतिभ्रंशात जोडीदार ज्या दिवशी जातो असं आपण धरतो, त्याच्या कितीतरी आधीपासून तो थोडाथोडा गेलेला असतो. त्या काळाचं सुतक कुणी धरलेलं नसतं. म्हणून मरणानंतरचं दुःख हलकं करायचं तर हात मरणाआधीच लावावा लागतो, आणि 'सुटलीस' म्हणून मोकळं झालेल्या माणसांनी नंतरही महिनोन्महिने येत राहावं लागतं.

हा आजार शहरातल्या एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांचा, अशी आपल्याकडे समजूत आहे. 'लासी-डॅड' या देशव्यापी पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले आकडे उलटं सांगतात. साठीच्या पुढच्या भारतीयांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के निघालं, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. शहरात ५.३ टक्के तर ग्रामीण भागात ८.४. पुरुषांत ५.८ तर बायकांत ९. म्हणजे बायकोला भरवणारे, तिची वेणी घालणारे, तिला न्हाऊ घालणारे नवरेही गावोगाव असणार. ते दिसत नाहीत, कारण अशा कामाबद्दल चारचौघांत बोलायची त्यांना सवय नसते.

न्हावा शेवा परिसरात या दुःखाला एक वेगळी किनार आहे. जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं. त्यासाठी शेवा गाव उठलं. त्यातून नवीन शेवा आणि हनुमान कोळीवाडा अशी दोन गावं झाली, आणि हनुमान कोळीवाड्यातल्या घरांना पुढे वाळवीनं पोखरलं. त्याआधी जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या जासई-दास्तान फाट्याच्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात पडले, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातूनच गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत देण्याची योजना आली. बंदर झालं तेव्हा तिशी-पस्तिशीत असलेली माणसं आज सत्तरीच्या आसपास आहेत. स्मृतिभ्रंश सुरू होण्याचं हेच वय.

या आजारात आठवणी उलट्या क्रमानं पुसल्या जातात. सकाळचं जेवण जातं, नातवाचं नाव जातं, आणि लहानपणचं गाव शेवटपर्यंत टिकतं. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ थिओड्यूल रिबो यांनी १८८१ साली हा क्रम मांडला होता. दिवेलागणीला अस्वस्थपणा वाढतो आणि रुग्ण 'घरी जायचं' म्हणून दाराकडे धावतो, हे जगभरच्या घरांत दिसतं. बहुतेक ठिकाणी ते घर निदान कुठेतरी उभं असतं. शेव्याहून उठून आलेला म्हातारा असा हट्ट धरू लागला, तर त्याला न्यायचं कुठे? त्याच्या ओटीवर, त्याच्या वाटेवर आज बंदर आहे, कंटेनर आहेत. ते घर नेमकं कसं होतं, माडी कुठे, विहीर कुठे, हे माहीत असलेलं घरात एकच माणूस उरलेलं असतं: बायको, जी लग्न होऊन त्याच घरात आली होती. मुलं लहान होती, सुना नव्या गावात आल्या. त्याची स्मृती गेली की ते जुनं गाव ती एकटी सांभाळते. आणि तो गेला की त्या गावाबद्दल बोलायलाही कुणी उरत नाही. विस्थापनाच्या अहवालांत हे नुकसान कुठल्याच रकान्यात बसत नाही, पण मला ते फार मोठं वाटतं.

अमेरिकेतल्या पॉलिन बॉस यांनी अशा नुकसानाचा सगळ्यात बारकाईनं विचार केला. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांपासून त्यांनी सुरुवात केली. माणूस शरीरानं नाही पण मनात आहे. मेला म्हणावं तर पुरावा नाही, जिवंत म्हणावं तर खूण नाही. पुढे त्यांच्या लक्षात आलं की स्मृतिभ्रंशाच्या घरात याच्या अगदी उलट पण तितकंच छळणारं काही घडतं. शरीर समोर खाटेवर आहे, माणूस मात्र नाही. दोन्हीकडे शोक अडकून पडतो, कारण शोक सुरू करायला जी तारीख लागते तीच नसते. १९९९ साली त्यांचं या विषयावरचं पुस्तक आलं, आणि २०११ मध्ये खास स्मृतिभ्रंशाच्या घरांसाठी दुसरं.

दर्यावर पोट असलेल्या गावांना यातला पहिला प्रकार समजावून सांगावा लागत नाही. मासेमारीला गेलेली बोट परत आली नाही की घर कसं लटकून राहतं, हे कोळीवाड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं आहे. तिथे कायद्यानं निदान एक मुदत घातली: सात वर्षं काही खबर नसेल तर माणूस मृत समजता येतो. खाटेवरच्या माणसासाठी अशी मुदत कुणी घालू शकत नाही, आणि घालूही नये. पण त्या बाईला जे चाललंय तो शोक आहे, वैताग किंवा कंटाळा नव्हे, एवढं तरी तिला कुणीतरी सांगायला हवं.

केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये याची सामाजिक बाजू मांडली. काही दुःखं समाज मान्यच करत नाही. त्यांना रजा मिळत नाही, विधी मिळत नाही, भेटायला कुणी येत नाही. नवरा जिवंत आहे, कपाळावर कुंकू आहे, गळ्यात मंगळसूत्र आहे, आणि तो विचारतोय, "बाय, तू कोनाची?" या बाईनं कुणाकडे जाऊन रडायचं? रडली तर ऐकायला मिळतं, "तुझा आहे तरी, आमच्यासारखी वेळ नाही आली तुझ्यावर."

जोडीदाराचा शोक मुलांच्या शोकापेक्षा वेगळा चालतो, हेही आता बऱ्यापैकी स्पष्ट झालं आहे. थॉमस म्युझर आणि सॅम्युएल मार्विट यांनी २००१ मध्ये दाखवलं की मुलांचं दुःख आजाराच्या मधल्या टप्प्यात सर्वांत तीव्र असतं आणि पुढे थोडं ओसरतं. नवरा-बायकोचं मात्र आजाराबरोबर चढतच जातं. मुलांना मधल्या टप्प्यात धक्का बसतो तो बापाचं बापपण गेल्याचा. बायकोचं रोज काहीतरी नवं जातं: आज गप्पा, उद्या एका ताटातलं जेवण, परवा रात्रीची सोबत. आपल्याकडच्या चित्रपटांतही हा फरक दिसतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा या आजारावरचा मराठीतला सर्वांत महत्त्वाचा चित्रपट. हत्तीच्या मागे भान हरपून निघून गेलेले संस्कृत पंडित मोहन आगाशे यांनी त्यात उभे केले. पण त्यात जीव कासावीस होतो तो मुलींचा. अविनाश अरुण यांच्या 'थ्री ऑफ अस'मध्ये स्मृती हरवू लागलेली बायको कोकणात, वेंगुर्ल्याला, आपलं बालपण शोधायला जाते आणि नवरा बरोबर असतो. बायको आपल्या आधीच्या आयुष्यात शिरते आहे आणि आपण तिथे नव्हतोच, हे कळल्यावर त्या नवऱ्याच्या वाट्याला येणारं अवघडलेपण चित्रपटांत फार क्वचित दिसतं.

आता सांभाळण्याच्या वर्षांबद्दल. नंतरच्या दुःखाचं मूळ इथेच असतं.

रिचर्ड शुल्झ आणि सहकाऱ्यांनी २००३ साली स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना शेवटपर्यंत सांभाळलेल्या २१७ नातेवाइकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली निम्मी माणसं आठवड्याला ४६ तासांहून जास्त वेळ फक्त रुग्णाची कामं करत होती. त्याआधी १९९९ मध्ये शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी दाखवलं होतं की सांभाळण्याचा ताण सोसणाऱ्या वयस्क जोडीदारांत चार वर्षांतला मृत्यूचा धोका सांभाळणी न करणाऱ्यांपेक्षा ६३ टक्के जास्त होता. नवरा-बायकोत दुसरं माणूसही साठी-सत्तरीचं असतं. गुडघे गेलेले, रक्तदाब वाढलेला, आणि रात्री दोन-तीनदा उठून ऐंशी किलोचं शरीर कुशीवर वळवायचं.

पण तासांच्या हिशेबात सगळ्यात दुखरी गोष्ट येत नाही. या आजारात संशय येतो. पैसे चोरले, दागिने लपवले, जेवणात काही घातलं, आणि बायकोच्या बाबतीत फार वेळा, हिचं बाहेर कुणाशी तरी आहे. पन्नास वर्षं संसार केलेल्या बाईवर नवरा भरल्या घरात हा आरोप करतो. कोळीवाड्यात घराला घर लागलेलं असतं, शब्द भिंतीपलीकडे जातोच. तो बोलतोय ते मेंदूच्या पेशी मेल्यामुळे, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. आणि सांगितलं तरी तोंड तेच, आवाज तोच. मग कधीतरी तिचाही तोल जातो. तीही ओरडते. कधी हात उगारते. कधी बाहेरून कडी लावून बाजारात जाते आणि तासभर जीव मुठीत धरून परतते. कधी देवापुढे मनात म्हणते, "ने रे बाबा याला आता."

तो गेल्यावर 'सेवा घडली' असं कुणी म्हणालं की तिला नेमका तो उगारलेला हात आठवतो. ज्या कौतुकानं दिलासा मिळायला हवा, त्यानंच ती मिटते. माझ्या मते या घरांतल्या शोकाची सर्वांत मोठी गाठ हीच आहे, आणि ती सुटते फक्त एका वाक्यानं, तेही त्याच वाटेनं गेलेल्या माणसाच्या तोंडून: "मीपण ओरडले होते."

गोव्यात विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी केलेली २००१ सालची पाहणी इथे आठवते. लोकांना ही लक्षणं ओळखीची होती, पण ती आजार म्हणून नव्हे, म्हातारपण म्हणून; आणि कित्येकांना वाटत होतं की घरच्यांनी हेळसांड केल्यामुळे, माया न केल्यामुळे माणूस असा होतो. इकडे रायगडात 'म्हातारचळ' म्हणून तोच निकाल लागतो. म्हणजे दिवसरात्र खपणारी बाईच वर आरोपी ठरते.

भूखंड आणि सह्यांचा विषय या पट्ट्यात टाळता येत नाही. जमिनीचा मोबदला किंवा साडेबारा टक्क्यांचा प्लॉट नवऱ्याच्या नावावर असतो आणि त्याला सही कशाची ते कळेनासं होतं. जाणतेपण गेलेल्या नवऱ्याचे व्यवहार बायकोकडे आपोआप येतील असा सरळ कायदा आपल्याकडे नाही. पालक म्हणून नेमणूक व्हावी यासाठी उच्च न्यायालयात रिट करावी लागते. बहुतेक घरं तिथवर जात नाहीत, अंगठा घेऊन किंवा थांबून वेळ काढतात. मग मृत्यूनंतर दिवस उरकायच्या आत वारस नोंदीची गडबड सुरू होते, भाऊबंदकी उठते, आणि शोक कागदांखाली दबतो. निदान झाल्याबरोबर, माणूस अजून जाणता असताना, मृत्युपत्र करून घ्यायला आणि बँक खातं संयुक्त करून घ्यायला सांगणारा डॉक्टर त्या घरावर मोठे उपकार करतो.

शेवटच्या महिन्यांतल्या निर्णयांचंही असंच आहे. गिळता येईनासं झालं की नाकातून नळी घालायची का, आयसीयूत न्यायचं का, हे बायकोला पाच मिनिटांत ठरवावं लागतं आणि ती ते आयुष्यभर उगाळते. अमेरिकेतल्या वृद्धचिकित्सकांच्या संघटनेची भूमिका स्पष्ट आहे: स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात नळीपेक्षा हातानं, जमेल तेवढं भरवणं बरं. ज्या बाईनं नळीला नको म्हटलं आणि मग 'उपाशी ठेवला' असं ऐकलं, तिला हे कुणीतरी वाचून दाखवायला हवं. बरं होण्याची आशा नसेल तर नुसतं जगवत ठेवणारे उपचार नकोत, असं आधीच लिहून ठेवणाऱ्या जीवनेच्छापत्राला सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१८ मध्ये मान्यता दिली, जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. गोव्यात मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या तिथल्या खंडपीठाचे तेव्हाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं असं पत्र नोंदवून पायंडा पाडला. हा कागद जाणाऱ्यासाठी असतो असं आपण समजतो. माझ्या लेखी तो मागे राहणाऱ्याच्या झोपेसाठीही आहे.

मग मृत्यू येतो.

शुल्झ यांच्या त्याच अभ्यासात ७२ टक्के नातेवाइकांनी सांगितलं की मृत्यूनं त्यांना हायसं वाटलं. रुग्णाची सुटका झाली असं ९० टक्क्यांहून जास्त जणांना वाटलं. तीन महिन्यांत उदासीची लक्षणं लक्षणीय कमी झाली आणि वर्षभरात ती सांभाळण्याच्या काळाहून बरीच खाली आली. म्हणजे भेटायला येणारी माणसं अगदीच चूक नसतात. हायसं वाटणं खरं असतं, त्याची लाज बाळगायचं काहीच कारण नाही.

पण ज्यांचं दुःख उतरत नाही अशीही माणसं त्यात होती: सुमारे २० टक्के. पाच जणांत एक. नंतर २०१३ मध्ये अशा अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हाही हाच आकडा पुढे आला, आणि आधीपासून उदासी असणं व मृताचा जोडीदार असणं हे सर्वांत मोठे धोके ठरले. चटका लावणारी बाब अशी की सांभाळण्याच्या कामातच ज्यांना आयुष्याचा अर्थ सापडला होता, त्यांनाही नंतर जास्त जड गेलं. जी सून किंवा शेजारीण "तिनं तर स्वतःला वाहूनच घेतलं होतं" म्हणून निर्धास्त असते, तिनं त्याच बाईकडे जास्त लक्ष द्यायला हवं.

ब्रिटनमध्ये मेरी लार्किन यांनी २००९ साली सांभाळणाऱ्यांच्या 'नंतरच्या' आयुष्याचा अभ्यास केला आणि पहिल्या टप्प्याला पोकळी म्हटलं. ही पोकळी अगदी साधी, हाताला जाणवणारी असते. रात्री दोनला जाग येते आणि उठून करायचं काही नसतं. भाड्यानं आणलेला एअरबेड दुकानदार घेऊन जातो, निम्मं उरलेलं डायपरचं पाकीट कपाटात राहतं. पेज पातळ करायची सवय हाताला लागलेली असते. इतकी वर्षं लग्नाला, हळदीला, जत्रेला न गेल्यामुळे लोकांनी बोलवायचंही सोडलेलं असतं. मैत्रिणींच्या विषयांत तिला शिरता येत नाही. कोळणीचा धंदा असेल तर बाजारातली तिची जागा केव्हाच दुसरीनं धरलेली असते.

आणखी एक गोष्ट हळूहळू घडते. गावाच्या फाट्यावर 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्स लागतो, दशक्रिया आणि उत्तरकार्याची तारीख त्यावर असते, आणि फोटो असतो तो धडधाकट वयातला, मिशा पिळलेला, टोपी तिरकी. लोक तो माणूस आठवतात. बायकोच्या डोळ्यांपुढे मात्र शेवटचा चेहराच येत राहतो, मिटलेल्या तोंडाचा, हाडं वर आलेला. आजाराआधीचा नवरा आठवणीत परत यायला काहींना वर्ष-दोन वर्षं लागतात. तो परत आला की मगच खरं रडू फुटतं, आणि तोवर रडणं ऐकायला येणारे पांगलेले असतात. आपले दहावे-तेरावे अचानक गेलेल्या माणसाच्या घराला चांगले आधार देतात. दहाव्याला कावळा शिवला की सगळ्यांचे खांदे सैल पडतात, हे मीही पाहिलं आहे. पण हे विधी आधीच्या आठ वर्षांचा शोक ओळखत नाहीत आणि दोन वर्षांनी फुटणाऱ्या रडण्यापर्यंत पोचत नाहीत.

त्यात बाईच्या वाट्याला येतं ते कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं. ज्या नवऱ्यानं शेवटची पाच वर्षं तिला ओळखलं नाही, त्याच्यासाठी तिनं रोज कुंकू लावलं, आणि ती सर्वांत थकलेली असते त्या दिवशी गर्दीपुढे तिचे हात धरले जातात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं असं परिपत्रक काढलं. आगरी-कोळी गावांनी तो ठराव नुसता दप्तरी न ठेवता पाळावा, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

विधुराची गोष्ट वेगळी. त्याला लोक लगेच दुसरं लग्न सुचवतात किंवा मुलाच्या फ्लॅटवर पाठवतात. ब्रिटिश समीक्षक जॉन बेली यांनी कादंबरीकार पत्नी आयरिस मर्डॉक यांना अल्झायमरमध्ये घरी सांभाळलं, १९९८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. १९९९ मध्ये त्या गेल्या आणि २००० साली बेलींनी पुन्हा लग्न केलं. ज्यानं शोक आधीच पाच वर्षं केला आहे त्याच्या शोकाची लांबी तेराव्यापासून मोजू नये, एवढंच मी म्हणेन. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायाधीश सँड्रा डे ओकॉनर यांचं उदाहरण याहून अवघड आहे. आजारी पतीसाठी त्यांनी २००६ साली पद सोडलं. पुढे शुश्रूषागृहात त्यांच्या पतीचं तिथल्याच एका रुग्ण स्त्रीवर प्रेम बसलं, बायकोची ओळख उरली नव्हती. तो आनंदात आहे याचं बाईंना समाधान वाटलं, असं त्यांच्या मुलानं जाहीरपणे सांगितलं. २००९ मध्ये पती गेले. २०१८ मध्ये ओकॉनर यांनी स्वतःलाच स्मृतिभ्रंश झाल्याचं पत्र लिहून कळवलं. जगातल्या सर्वांत बलवान पदांपैकी एकावर बसलेल्या बाईलाही या आजारापुढे जे करावं लागलं, ते उरणच्या कुठल्याही आजीपेक्षा वेगळं नव्हतं.

दुःख कधी 'आजार' समजायचं यावर डॉक्टरांत वाद आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणात लांबलेल्या शोकाला सहा महिन्यांची अट आहे, अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या २०२२ च्या यादीत बारा महिन्यांची. हार्वर्डचे आर्थर क्लाइनमन यांनी शोकाला रोगाचं नाव देण्याविरुद्ध २०१२ मध्येच लिहिलं होतं. त्यांनी स्वतः पत्नी जोन यांना दहाएक वर्षं अल्झायमरमध्ये सांभाळलं. २०११ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या म्हणण्याला मी मान देतो. तरी पाचातली ती एक बाई माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. वर्षश्राद्ध झालं, तरी ती जेवत नाही, त्याच्या खोलीत कुणाला जाऊ देत नाही, 'मला का ठेवलं' म्हणते. तिला मदत मिळायची असेल तर नाव द्यायला माझी हरकत नाही. आणि शोकात माणूस विसरतं, गॅस चालू ठेवतं, किल्ल्या हरवतं. 'आता मलाही तेच होणार' ही भीती अशा जोडीदारांना हटकून वाटते. बहुतेकदा तो थकवा आणि उदासी असते. तपासून घ्यावं, म्हणजे भीती तरी जाईल.

मदत कशाची होते? न्यूयॉर्क विद्यापीठात मेरी मिटलमन यांच्या गटानं सांभाळणाऱ्या जोडीदारांना आणि त्यांच्या घरच्यांना बसवून समुपदेशन केलं, फोनवर साथ दिली. विल्यम हेली यांनी २००८ मध्ये त्या अभ्यासातल्या, नवरा किंवा बायको गमावलेल्या २५४ जणांचे निष्कर्ष मांडले: ज्यांना आजारपणात अशी साथ मिळाली, त्यांची उदासी मृत्यूच्या आधीही कमी होती आणि नंतरही.

गोव्यातला प्रयोग याहून आपल्या जवळचा. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांबरोबर केलेल्या कामाचा अहवाल २००८ साली आला. गावातल्याच, डॉक्टर नसलेल्या कार्यकर्त्यांना थोडं प्रशिक्षण देऊन घरोघरी पाठवलं. त्यांनी सहा महिने पंधरवड्यातून निदान एकदा जायचं, आजार म्हणजे काय ते कोकणीत सांगायचं, रात्रीच्या भटकण्यावर, संशयावर काय करायचं ते शिकवायचं, सरकारी योजना समजावायच्या, आणि सांभाळणाऱ्याचं ऐकून घ्यायचं. रुग्ण बरे झाले नाहीत, होणारही नव्हते. सांभाळणाऱ्यांची मनःस्थिती मात्र ठळकपणे सुधारली. एवढ्या कमी खर्चात एवढा फरक पाडणारं दुसरं काही माझ्या वाचनात नाही.

उरण तालुक्याच्या हाताशी आज काय आहे? १२ जानेवारी २०२४ ला मुंबईला जोडणाऱ्या अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि उरणपर्यंत लोकलही आली, त्यामुळे मेंदूच्या डॉक्टरकडे जायला भ्रमिष्ट माणसाला मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याच्या लाँचमध्ये बसवण्याची कसरत टळली. रायगडातच नेरळला डिग्निटी या संस्थेची ज्येष्ठांसाठी वसाहत आहे, तिथे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची सोय आहे, परवडणाऱ्यांसाठी. १९९२ साली केरळात डॉ. जेकब रॉय यांनी सुरू केलेल्या अल्झायमर संघटनेची मुंबईत शाखा आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६, हे दोन्ही फोन फुकट आहेत, मराठीत बोलता येतं. मध्यरात्री जाग येणाऱ्या बाईसाठी दुसरा नंबर भिंतीवर लिहून ठेवावा.

पण खरा रस्ता आशाताईंच्या पायांखालून जातो. तिशीच्या पुढच्या प्रत्येकासाठी त्या जो तपासणीचा फॉर्म भरतात, त्यात साठीवरच्यांना एक प्रश्न आहे: जवळच्या माणसांची नावं किंवा घराचा पत्ता विसरता का? उत्तर 'हो' आलं की त्याच घरात दुसरा प्रश्न विचारायचा, यांना सांभाळतं कोण आणि त्या माणसाची झोप होते का. गोव्यासारखी पंधरवड्याची फेरी तिथून सुरू करायची. त्या फेरीत गावातली एक अशी बाई बरोबर घ्यायची जिनं स्वतः नवऱ्याला सांभाळून पोचवलं आहे. प्रत्येक गावात अशी एक तरी सापडेल, आणि बचत गटातल्या बायकांना ती कोण ते माहीत असतं. रुग्ण गेल्यावर फेरी बंद करायची नाही. पहिला महिना गर्दी असते, तेव्हा नाही गेलं तरी चालेल. तिसऱ्या महिन्यात जायचं, सहाव्यात जायचं, वर्षश्राद्धाच्या आधी जायचं, आणि जाताना जुन्या शेव्यातल्या घराबद्दल विचारायचं.